गाईची गोष्ट आणि लेस्टर पेल्टन

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, प्रयोगशाळेतल्या पेल्टन टर्बाइनची, म्हणजे पाण्याच्या झोतावर फिरणाऱ्या चक्राची, काच पुसता पुसता आमच्या सरांनी एक गोष्ट सांगितली होती. कॅलिफोर्नियातल्या एका खाणीवर भटकी गाय शिरली, तिला हुसकावण्यासाठी कोणीतरी पाण्याचा झोत तिच्या तोंडावर मारला, तो नेमका दोन नाकपुड्यांच्या मधोमध आदळून दुभंगला आणि उलटा फिरला, आणि ते पाहून लेस्टर पेल्टनला त्याच्या चक्राची कल्पना सुचली. गोष्ट इतकी गोड आहे की पुढे गाय लक्षात राहते आणि माणूस विसरला जातो. माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे.

पेल्टन १८२९ साली ओहायो राज्यातल्या व्हर्मिलियन येथे जन्मला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी १८४८ ची. त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे १८५० मध्ये, गावातल्या इतर पोरांबरोबर तोही खुष्कीच्या मार्गाने पश्चिमेला निघाला. सोन्याने काही त्याला हात दिला नाही. सॅक्रामेंटो नदीत मासेमारी करून त्याने काही काळ पोट भरले आणि पुढे युबा परगण्यातल्या कॅम्पटनव्हिल या खाणवस्तीत सुतारकाम आणि गिरण्यांची यंत्रे उभारण्याचे काम पत्करले. खाणीतला गारगोटीचा दगड कुटणारी यंत्रे, पाणचक्क्या, लाकडी पन्हळी हे सारे त्याच्या रोजच्या हाताखालचे होते, आणि माझ्या मते त्याच्या शोधाचे मूळ इथे आहे.

दगड कुटायला शक्ती लागे. वाफेची इंजिने होती, पण ती जळाऊ लाकूड खात आणि खाणींच्या आसपासचे उतार बोडके होत चालले होते. पाणी मात्र डोंगरावरून मोठ्या दाबाने आणता येत होते. हा झोत ज्या लाकडी चाकावर सोडत त्याला खाणकामगार ‘हर्डी-गर्डी’ म्हणत. त्याची पाती सपाट असत, आणि झोतातली निम्म्याहून अधिक शक्ती नुसती उडून वाया जाई.

का, ते स्वयंपाकघरात पाहता येते. नळाखाली उलथने आडवे धरा, पाणी चहूकडे पसरते. आता चमचा उताणा धरा. तेच पाणी चमच्याच्या पोटातून वळून वर उसळते आणि तुमचा सदरा भिजवते. दिशा उलटवताना पाण्याने चमच्याला दिलेला रेटा हाताला जाणवतो. सपाट पात्यांऐवजी चाकाला अशा वाट्या लावल्या आणि चाकाचा वेग झोताच्या साधारण निम्मा ठेवला, तर वाटीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जवळजवळ जोरच उरत नाही, कारण तो चाकाने घेतलेला असतो. अडचण एवढीच की वाटीच्या मध्यावर आदळलेले पाणी परत फिरताना येणाऱ्या झोतालाच आडवे येते. पेल्टनने दोन वाट्या शेजारी शेजारी जोडून मध्ये एक धारदार कणा ठेवला. झोत कण्यावर दुभंगतो, दोन्ही बाजूंनी वळून बाजूला निघून जातो, आणि दोन्हीकडचा रेटा सारखा असल्यामुळे चाक आसावर एका बाजूला ढकललेही जात नाही.

गाईखेरीज आणखी एक कथा सांगतात: एका चाकाची खुंटी ढिली होऊन ते बाजूला सरकले, झोत वाटीच्या मध्याऐवजी काठावर पडू लागला आणि चाक एकाएकी वेगाने फिरू लागले. मला ही अधिक पटते, कारण बिघडलेले चाक दुरुस्त करण्याआधी ‘हे जोरात का फिरते’ असा प्रश्न यंत्र उभारणाऱ्या मिस्त्रीलाच पडू शकतो. तरीही काठावर पडणाऱ्या झोतापासून जोडवाटीपर्यंतचे अंतर खुंटीने कापलेले नाही. त्यासाठी पेल्टनने निरनिराळ्या आकारांच्या कितीतरी वाट्या घडवल्या आणि तपासल्या. त्याच्या एका छोट्या चाकावर घरमालकिणीचे शिलाई मशीन चाले, असे सांगतात; गाईपेक्षा हे शिलाई मशीन प्रसिद्ध व्हायला हवे होते.

१८७८ मध्ये नेवाडा सिटीजवळच्या मेफ्लॉवर खाणीत त्याचे चाक कामाला लागले, १८८० मध्ये पेटंट मिळाले. १८८३ मध्ये ग्रास व्हॅलीच्या आयडाहो खाणीने चाकांची स्पर्धा घेतली, तेव्हा पेल्टनचे चाक ९०.२ टक्के कार्यक्षम ठरले आणि त्याच्या जवळचा स्पर्धक ७६.५ टक्क्यांवर राहिला. १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. अविवाहित पेल्टन १९०८ मध्ये ओकलंडला वारला.

उंची भरपूर आणि पाणी त्यामानाने बेताचे, तिथे हे चक्र चालते, म्हणजे आपल्या सह्याद्रीत. १९१५ साली खोपोलीत टाटांनी वीज काढली ती पेल्टन चक्रांवर, आणि पोफळीला कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांतही तीच फिरतात.

जाता जाता एक. हल्लीच्या वाटीच्या बाहेरच्या ओठाला एक खाच असते, म्हणजे पुढची वाटी झोतात शिरताना तो वेडावाकडा तुटत नाही. ती सुधारणा पेल्टनची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोबल नावाच्या अभियंत्याने ती केली. सरांना त्या दिवशीच विचारायला हवे होते, की सर, ही खाच कोणत्या गाईने पाडली?