‘अडाणी’ अ‍ॅरिस्टॉटलच्या निमित्ताने

स्पष्टवक्ता यांस,

मन छातीतून डोक्यात कसं गेलं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘विचार हृदयात होतो असं मानणाऱ्या अडाणी माणसाला चार परिच्छेद देणारी लेखिका एकतर अर्धवट वाचून लिहिते किंवा वाचकांना मूर्ख समजते,’ हे तुमचं अ‍ॅरिस्टॉटलबद्दलचं पहिलं वाक्य. त्याखाली आणखी तीन तक्रारी: भारतीय विचार नाही, फ्रॉइड नाही, लेख लांबलाय.

लेख लांबला, मान्य. कवटीवरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या गॉलला निम्म्या जागेत आटोपता आलं असतं. झालं?

आता ‘अर्धवट वाचून’बद्दल. मतभेद असावेत, पण अनोळखी बाईच्या वाचनाची उंची मोजायचं काम तुम्हाला कुणी दिलं? माझी उमेदीची सगळी वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेली. फॉर्मॅलिनमधून काढलेला मेंदू पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात मीच देत असे. आणि सांगते, तो बघून ‘हा विचार करतो’ असं आपणहून कुणालाही सुचणार नाही. तुम्हालाही नाही. तुम्हाला ते शाळेत सांगितलं गेलं म्हणून माहीत आहे. यात अडाणीपणा कुणाचा नि शहाणपणा कुणाचा, हे ठरवायला जरा थांबावं लागतं.

अ‍ॅरिस्टॉटलला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने प्राणी फाडून पाहिले, अंड्यातलं पिल्लू कसं घडतं ते पाहिलं. सगळ्यात आधी धडधडताना दिसलं ते हृदय, लाल ठिपक्याएवढं. उघड्या मेंदूला स्पर्श केला तरी प्राण्याला काही जाणवत नाही, हे त्याने नोंदवलं. आणि हे निरीक्षण खरं आहे! मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून तर आजचे सर्जन काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत काम करू शकतात. ज्या अवयवाला स्पर्शही कळत नाही, तो संवेदनांचं केंद्र कसा असेल? त्याच्या मते तो रक्तहीन आणि थंड होता, तेव्हा हृदयाची उष्णता निववणं हे त्याचं काम ठरलं. माणसाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असतो, हेही त्याला दिसलं होतं. उत्तर तेच: माणसाचं हृदय जास्त तापतं. निष्कर्ष साफ चुकला. पण तर्कात ढिलाई कुठे आहे ते दाखवा, मग ‘अडाणी’ म्हणा.

उलट बाजूही बघा. अपस्मारावरचा (फिट येण्याच्या आजारावरचा) एक ग्रंथ ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत आहे, अ‍ॅरिस्टॉटलच्या आधीचा. सुख, दुःख, भीती, वेड सगळं मेंदूतून येतं, असं तो स्वच्छ सांगतो. का? तर डोक्यातला कफ खाली उतरून शिरांमधली हवा अडवतो म्हणून! पुरावा काय, तर झटके येणाऱ्या बकरीचं डोकं फोडलं की मेंदू ओला नि दुर्गंधीचा निघतो. उत्तर बरोबर, रीत अशी. तुमच्या न्यायाने हा शहाणा आणि तो अडाणी. परीक्षेत मी तरी असे गुण दिले नसते.

मग पुरावा आला कधी? दुसऱ्या शतकात, रोममध्ये. आवाज छातीतून येतो, म्हणून बुद्धीही तिथेच, असं स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ म्हणत. गेलन या वैद्याने ओरडणाऱ्या डुकराच्या, मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा बांधल्या. जनावर जिवंत, धडपडतंय, पण आवाज बंद. सोडल्या की पुन्हा ओरडा. असं एक प्रात्यक्षिक सुरू होण्याआधीच दमास्कसच्या अलेक्झांडर या तत्त्वज्ञाने विचारलं, इंद्रियांवर विश्वास ठेवायचा हे आधी ठरलंय का? गेलन चिडून निघून गेला. (हल्ली मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते.)

पण त्या डुकराने प्रश्न मिटला नाही. नंतर हजारांहून अधिक वर्षं कल्पना, विवेक आणि स्मृती मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये वाटून दिलेल्या होत्या, भोवतालच्या मांसल भागाला कुणी फारसं विचारत नव्हतं. 1543 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने लिहिलं की या पोकळ्या जनावरांतही तशाच दिसतात. मग माणसाची बुद्धी त्यांतच कशी? 1861 मध्ये पॅरिसला ब्रोका या डॉक्टरने वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू तपासून डाव्या पुढच्या भागातली इजा दाखवली, तेव्हा कुठे भागांची चर्चा पुराव्यावर आली. विचार मेंदूत होतो, ही तुमच्या मते ‘साधी गोष्ट’; ती कळायला एवढा वेळ लागला.

भारतीय विचाराबद्दल: चरकसंहितेत चेतनेचं स्थान हृदय आहे, भेलसंहिता या दुसऱ्या आयुर्वेदग्रंथात मन शिर आणि टाळूच्या मध्ये आहे. म्हणजे इकडेही मतभेद होतेच. लेख ग्रीकांपासून युरोपपर्यंतचा होता, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. ती ओळ वाचायला फार वेळ लागत नाही. फ्रॉइड मुद्दामच नाही. त्याचा विषय मन होता आणि माझा होता ते कुठे असतं हा. त्यावर वाद घालायचा असेल तर जरूर या. ‘मूर्ख’, ‘अर्धवट’ हे शब्द असलेली पुढची प्रतिक्रिया मात्र इथे दिसणार नाही.