देवाच्या दारातला पुठ्ठा

आमच्या देवघराच्या दारात २०१९च्या दिवाळीपासून मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर वर जाणारा बाण आणि शेजारी पेल्याचं चित्र, म्हणजे सामान नाजूक, जपून हाताळा. मी स्टेन्ड ग्लासचा, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे जोडून चित्र करायचा, दोन दिवसांचा क्लास करून आले आणि उत्साहाच्या भरात सुताराकडून दाराची फळी काढून घेतली. तिथे माझं ४१ तुकड्यांचं कमळ बसणार होतं. ‘आठ दिवसांचं काम,’ असं सासूबाईंना सांगितलंही होतं.

काच कापतात हे खोटं. कटरने नुसता ओरखडा काढायचा आणि ती तिथेच तुटू दे म्हणून देवाला साकडं घालायचं. देव पुठ्ठ्याआड. सरळ रेघेला काच ऐकते, पाकळीच्या आतल्या वळणावर मात्र स्वतःच्या मनाने जाते. चार पाकळ्या गेल्यावर उरलेले तुकडे श्रीखंडाच्या डब्यात भरून माळ्यावर गेले. मावशींनी कणकेच्या गोळ्याने फरशीवरच्या कपच्या टिपल्या, वर ‘ताई, त्यापेक्षा रांगोळी काढा’ हेही सुनावलं.

यंदा लेकीचं लग्न ठरलं. सासूबाई म्हणाल्या, “व्याही यायचेत. पुठ्ठा तेवढा नवा लाव.”

डबा खाली आला. १७ नंबरचा तुकडा गायब. हिरवी काच संपलेली, म्हणून एक पान जांभळं झालं. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी, त्यावर धातू नीट धरावा म्हणून फ्लक्स, मग सांधे जोडायला वितळवलेलं ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिशाचं सोल्डर. शिशामुळे जेवणाच्या टेबलावरून माझी बाल्कनीत हकालपट्टी झाली. सासूबाई दारातून बघत होत्या. “अगं, ही तर कल्हई! फक्त नवसागर नाही.” मग कल्हईवाला चिंधी कशी फिरवायचा ते त्यांनी मला तासभर शिकवलं. माझ्या सांध्यांवर तरी शेवयांच्या गाठी आल्याच.

तयार कमळ दाराला लावून पाहिलं, तर दोन सूत मोठं. पट्टी केसभर जाडीची, पण एवढ्या सांध्यांत ती साठत जाते, आणि कडा घासायचा मी कंटाळा केला होता. सुताराने कमळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दाराची खाचच तासली.

संध्याकाळी आत समई लावली. जांभळं पान सगळ्यात छान दिसत होतं.

मी पुठ्ठा कचऱ्यात टाकायला निघाले, तर सासूबाईंनी हातातून काढून घेतला.

“राहू दे माळ्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीचंही काहीतरी म्हणत होतीस ना?”