पेरूनं खोकला होतो

पिशवी अक्कांनी कॉटखाली सरकवली. तीही पायानं. चपलेच्या टोकानं ढकलत ढकलत थेट युरिनच्या भांड्याशेजारी नेऊन टेकवली आणि मग वर बघून म्हणाल्या, "असू दे भाऊजी. आणलंत ते बरं केलंत." 'असू दे'चे मराठीत पंधरा-वीस अर्थ होत असतील. त्यातला एकही पिशवीतल्या पेरूंच्या बाजूचा नव्हता.

याला आता आठ दिवस होऊन गेले. बायको म्हणते, सोडा की आता. सोडतो. पण आधी सांगतो.

मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, सतारी आणि दवाखाने. सतारीचं काम मला जन्मात पडलं नाही. दवाखान्याचं वर्षातून एकदा तरी पडतंच. या खेपेला साडू अण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान. डेंग्यू, दुसरा मजला, कॉट नंबर चार. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये ही आईची शिकवण, म्हणून सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या परसातल्या झाडाचे दोन किलो पेरू उतरवले. आकडीनं, स्वतः. मान अजून धरलेली आहे. एकेक पेरू धुतला, पुसला, अळीचं भोक दिसलं की बाजूला काढला (ते आम्ही घरी खाल्ले) आणि पिशवी मांडीवर घेऊन सिटी बसनं मिरजेला गेलो. वासानं पुढच्या सीटवरची पोरगी दोनदा मागं वळली. त्या प्रवासात मी मनातल्या मनात अक्कांचं "अगंबाई, घरचे?" सुद्धा ऐकून ठेवलं होतं.

ऐकायला मिळालं ते वेगळंच.

"पावणं, पेरू व्हय?"

आवाज पाच नंबरच्या कॉटकडून आला. तिथल्या पेशंटचे हे थोरले मेहुणे. तासगावला बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी. पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं, मांडीवर वही. वॉर्डात ते तीन दिवसांपासून होते आणि वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. नर्ससुद्धा सलाईन बदलायला आली की आधी त्यांच्याकडे बघायची.

"हो, घरचे आहेत," मी म्हणालो. 'घरचे' वर जरा जोर दिला.

"पेरू न्हाई चालत."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"डॉक्टर कशाला सांगतील? त्येंला येळ हाय का? पेरूनं खोकला होतो. आन् खोकला आला की प्लेटलेट हालत्यात."

प्लेटलेट हालतात म्हणजे नक्की काय होतं हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात अक्कांनी मान डोलवली आणि चप्पल पुढे आली. बाकीचं वर सांगितलंच आहे.

तीस वर्षं सौद्यात काढली की माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट सौद्यातच दिसत असणार. दिवाणजींनी वही उघडून मला दाखवली. डावीकडे तारीख, मध्ये माल, उजवीकडे भाव. "सोमवारी आमचा पेशंट अडतीसला उघडला. दोन किवी टाकल्या. सांच्याला बेचाळीस. रातच्याला एक ड्रॅगन, लाल गराचा. मंगळवारी सकाळी एकावन्न. तेजी हाय." मग माझ्या साडूकडे पेन रोखून, दबक्या आवाजात, "ह्येंचा माल जरा मंद हाय. त्रेचाळीसला आडलाय. माल कमी पडतोय."

माल कमी पडतोय हे ऐकताच अक्कांचे डोळे भरून आले. दीड लाखाच्या वर असायला हवा तो प्लेटलेटचा आकडा त्रेचाळीस हजारावर आलाय म्हटल्यावर कुणाचेही भरतील, त्यात मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण तेव्हाच माझी नजर सलाईनच्या स्टँडवर गेली. त्या लोखंडी दांड्यावर वरून खाली ओळीनं किवीचे स्टिकर चिकटवलेले. अंडाकृती, हिरवे, एकाखाली एक. चार नंबरला सात, पाच नंबरला अकरा. एक किवी पोटात गेली की एक स्टिकर दांड्यावर. अक्का रोज सकाळी उठून आधी देवाला आणि मग त्या दांड्याला हात लावत होत्या.

"पण किवीत असतं काय?" मी विचारलं.

"पावर."

"कसली?"

"फॉरेनची." दिवाणजींनी एक किवी उचलून माझ्या नाकासमोर धरली. "ह्ये भायेरनं क्यास हायत न्हवं? सगळी ताकद त्येच्यात."

"मग साल तर तुम्ही काढून टाकताय."

"टाकाय नको? आंगावर येती ती."

यावर काय बोलायचं? मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, "तुम्ही तासगावचे. बेदाणा द्या की पेशंटला. सांगलीच्या बेदाण्याला तर भौगोलिक मानांकन आहे." दिवाणजी माझ्याकडे अशा दयेनं बघायला लागले की वाटलं, आता मलाच ॲडमिट करतात. "बेदाणा?" ते म्हणाले. "त्यो शिऱ्यात टाकत्यात."

ज्या मालावर ह्यांचं घर चाललं, पोरं शिकली, तो शिऱ्यात. आणि समुद्रापलीकडून आलेलं केसाळ अंडं रक्तात.

तर मला खाली पाठवण्यात आलं. 'पाठवण्यात आलं' असंच म्हणायला पाहिजे, कारण कोणी सांगितलं नाही. अक्का नुसत्या म्हणाल्या, "दोनच उरल्यात," आणि बायकोनं माझ्याकडे बघितलं.

दवाखान्याच्या दारात जो फळवाला बसतो त्याच्याकडे गिऱ्हाईक फळ मागत नाही, आजार सांगतं. "पेशंटला काय हाय? टायफॉइड? मोसंबी न्या. कावीळ? ऊस म्होरच्या कोपऱ्यावर. डेंग्यू? कितवा दिवस?" मी म्हटलं पाचवा. त्यानं मान हलवून दोन डब्या काढल्या. तीन किवींची डबी दीडशे रुपये. मी म्हटलं, पन्नास रुपयाला एक? तो म्हणाला, पेशंट कुणाचा हाय साहेब? या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याच पैशात मला माझ्या साडूला आठवडाभर पेरू, पपई, मोसंबी खाऊ घालता आली असती, पण मी मुकाट्यानं तीनशे काढून दिले आणि वर "स्टिकर असू दे, काढू नको" असंही सांगितलं. माझ्याच तोंडानं.

लिफ्ट बंद होती. जिन्यात बसून मोबाईलवर वाचत बसलो. रागावलेला माणूस फार वाचतो.

ही किवी मुळात किवी नव्हेच. चीनमधलं फळ. १९०४ साली न्यूझीलंडमधल्या मुलींच्या एका शाळेच्या हेडबाई, इझाबेल फ्रेझर, चीनला जाऊन आल्या आणि येताना बिया घेऊन आल्या. पुढे तिथं मळे झाले. नाव होतं 'चायनीज गूजबेरी'. अमेरिकेत माल पाठवायची वेळ आली तेव्हा हे नाव नको झालं. 'मेलोनेट' करू म्हणाले, तर मेलन म्हटलं की आयातकर जास्त. शेवटी १९५९ मध्ये ऑकलंडच्या एका निर्यातदारानं आपल्या देशातल्या तपकिरी, केसाळ, उडता न येणाऱ्या पक्ष्याचं नाव फळाला देऊन टाकलं. बारसं झालं, फळाचं नशीब उघडलं. क जीवनसत्त्व तेवढंच राहिलं. शंभर ग्रॅमला नव्वदेक मिलिग्रॅम. वाईट नाही, मी कशाला खोटं बोलू. पण पेरूत दोनशेच्या वर असतं. निम्म्या मालाला मखर आणि दुप्पट मालाला युरिनचं भांडं.

आपल्याकडेही बारशी होतात. २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारनं ड्रॅगन फ्रूटचं 'कमलम' केलं. ड्रॅगनबद्दल मात्र मी जपून बोलतो, कारण आपल्याच जिल्ह्यात, जतच्या माळावर, जिथं कुसळाला पाणी नाही तिथं सिमेंटच्या खांबांवर हे निवडुंग चढवून माणसं चार पैसे मिळवतात. कडेगाव तालुक्यातल्या तडसरचं ड्रॅगन त्याच २०२१ मध्ये दुबईला गेलं. शेतकऱ्याला भाव मिळतोय तर मिळू दे. त्याला डाळिंबानं काय कमी रडवलंय? आटपाडीत तेल्या रोग पडून बागाच्या बागा काढून टाकल्या लोकांनी. आणि गंमत अशी, की त्याच डाळिंबाचा रस तिकडे अमेरिकेत पॉम वंडरफुल नावाची कंपनी बाटलीत भरून मरणाला चकवा देणारा म्हणून विकत होती. हृदयविकार, प्रोस्टेटचा कॅन्सर, सगळ्यावर. तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशननं २०१० मध्ये तक्रार दाखल केली, २०१३ मध्ये जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि २०१५ मध्ये वरच्या कोर्टानंही त्यातलं बरंचसं उचलून धरलं. युरोपात तर २००७ पासून, मान्य झालेला आरोग्याचा दावा सोबत असल्याशिवाय पाकिटावर 'सुपरफूड' लिहिता येत नाही. लिहिलेलंच नसलं तर काय करायचं? आमच्या फळवाल्याच्या हातगाडीवर एक अक्षर नव्हतं. त्यानं फक्त 'कितवा दिवस' विचारलं होतं.

आणि सगळी मेख त्या 'कितवा दिवस'मध्येच आहे. हे मला वर राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी हळूच विचारलं, मॅडम, किवीनं खरंच वाढतात का? त्यांनी दांड्यावरच्या स्टिकरांकडे एकदा बघितलं. म्हणाल्या, "खायचं तर खाऊ द्या. पाणी मात्र भरपूर द्या. ताप उतरतो त्याच्या आसपास आकडा खाली जातो, दोन-तीन दिवसांनी आपला आपण वर येतो." म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी नातेवाईक घाबरून किवी आणतात, सहाव्या-सातव्या दिवशी आकडा चढतो, आणि श्रेय स्टिकरला. त्या दिवसांत पेशंटला शेंगदाण्याचा लाडू दिला असता तरी चढला असता. मग लाडवाची डबी दीडशेला मिळाली असती, एवढंच.

हे मी दिवाणजींना सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हंजी न्हाई द्यायच्या?" ते उभेच राहिले. "लिवून द्या. तुमच्या साडूचा माल पडला तर तुमी भरून देणार का, लिवून द्या." पलीकडच्या तीन कॉटवरचे नातेवाईक गोळा झाले. अक्कांनी पदर तोंडाला लावला. बायको दातओठ खात म्हणाली, "अहो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तीनशे रुपयांसाठी?" तीनशे रुपयांसाठी. संपूर्ण वॉर्डात मी कंजूष साडू ठरलो. मी लिहून दिलं नाही. संध्याकाळी आणखी एक डबी आणून दिली. ती सोलण्याचं कामही माझ्याकडेच आलं. स्टीलच्या चमच्यानं सोललीत कधी किवी? केस नखात जातात, गर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो आणि हातात शेवटी सुपारीएवढं काहीतरी हिरवं उरतं. अण्णांनी ते खाल्लं आणि तोंड वेंगाडलं. "जिभेला खाजतंय गं," ते म्हणाले. दिवाणजी पलीकडून म्हणाले, "खाजनारच. काम करतीया."

चौथ्या दिवशी अण्णांचा आकडा एक लाख बारा हजार. डिस्चार्ज. दांड्यावर एकोणीस स्टिकर. मी मनात गुणाकार केला आणि तोंडावर येऊ दिला नाही. दिवाणजींचा पेशंटही त्याच दिवशी सुटला. त्यांनी वहीत शेवटचा आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या, सौदा तुटल्यावर मारतात तशा.

सामान आवरताना मी कॉटखालून माझी पिशवी ओढली. चार दिवसांत पेरू पिवळेधम्मक झाले होते. गाठ सोडली आणि फिनाईलला मागं टाकून वास वॉर्डभर पसरला. अण्णा उठून बसले. "एक द्या हो मला," म्हणाले. "गप पडा," अक्का म्हणाल्या, "आत्ताच कुठं वाढल्यात."

"पावणं," दिवाणजी जवळ आले. "माघारी न्हेताय व्हय?"

"तुम्हाला हवेत?"

त्यांनी एक उचलला. तळहातावर तोलला, हुंगला, देठाकडे अंगठ्यानं दाबून बघितला. "किलोला काय भाव लावताय?"

"घरचं झाड आहे हो. भाव कसला?"

"मग काय बोलायचं," ते खेदानं म्हणाले, आणि खिशातून कागदाची पुडी काढली. मीठ. चार दिवस ह्या माणसाच्या खिशात मीठ होतं. कॉटच्या कडेवर बसून त्यांनी पहिला पेरू बियांसकट संपवला. दुसरा. तिसरा जरा कच्चा निघाला, तोही. मी पिशवी हातात धरून उभा. चौथ्याला हात घातला आणि बी घशात अडकली की मीठ लागलं कोण जाणे, त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले.

पाण्याचा घोट घेऊन त्यांनी तोंड पुसलं आणि आधी अक्कांकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हटलं न्हवतं?"

अक्कांनी मान डोलवली.