काकांनी उठवलेला कॉम्प्युटर

सकाळी दूध आणायला गेलो तर पिशवी हातात देता देता दूधवाला म्हणाला, "तुमचा कॉम्प्युटर मेलेला म्हणे. काका उठवले काय?"

उठवले! म्हणजे तिरडी बांधून झाली होती आणि काकांनी येऊन कानात फुंकर मारली. आणि मेलेला म्हणजे कसा, तर मी मारलेला. गल्लीत आता हेच चालू आहे.

झालं होतं एवढंच. दोन वर्षांपूर्वी गावातल्याच एका दुकानातून कॉम्प्युटर जोडून घेतला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांच्या, डब्यावर वेग 3200 छापलेला, पैसे 3200 चे मोजले. परवा सहज टास्क मॅनेजर उघडला तर मेमरीखाली स्पीड 2133. डीडीआर 4 जातीची रॅम नुसती मदरबोर्डावर खोचली की ती आपल्या उपजत, सावध चालीनं चालते. डब्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून एक्सएमपी नावाची सेटिंग चालू करावी लागते. अर्ध्या मिनिटाचं काम. दुकानदारानं ते केलं नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "चालतंय नव्हं, सर? मग?"

ह्या 'चालतंय नव्हं'वर मी दोन रात्री कुढलो. आमच्या बेळगाव भागाचं सगळं असंच चालतंय. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांच्या फेररचनेत कुणीतरी आम्हाला आताच्या कर्नाटकात टाकलं, म्हणजे आमच्यावर डिफॉल्ट सेटिंग लोड केली, सेव्ह अँड एक्झिट दाबलं आणि निघून गेलं. 2004 पासून सीमावादाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. स्क्रीन काळी, पंखे फिरायलेत. मला निदान माझी रॅम तरी माझ्या हक्काच्या वेगानं फिरवायची होती.

रविवारी दुपारी डिलीट बटण बडवत बायोसमध्ये शिरलो. एक्सएमपी चालू केलं. वेग 3200 झाला, व्होल्टेज 1.2 वरून 1.35 वर गेलं. सेव्ह करून बाहेर पडायला एफ 10 दाबलं. स्क्रीन काळी झाली ती झालीच. नवा वेग अंगवळणी पडेपर्यंत बोर्ड काही वेळ गप्प बसतो हे वाचलेलं होतं, म्हणून मीही गप्प बसलो. दहा मिनिटं बसलो. आणि नेमके त्याच वेळी समोरचे काका पेपर मागायला आले.

काका चौतीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण लेथ त्यांच्यातून रिटायर झालेला नाही. भाकरी जाड झाली तरी ते "पाच थाउ जास्त आहे" म्हणतात. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) बाहेर जुलैचा पाऊस, छत्री दारात टेकवून त्यांनी खुर्ची ओढली.

"काय करायलास?"

"स्पीड वाढवला, काका."

"किती होता?"

"2133. आता 3200."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकदम? मधल्या पुलीवर पट्टा न घेता?"

"पुली नसते ह्याला."

"मग कूलंट?"

"पंखा आहे."

"पंखा," काका स्वतःशीच म्हणाले. आमच्या चुलतभावानं नोकरी सोडून शेअरचा धंदा काढला तेव्हा ह्याच सुरात म्हणाले होते, "शेअर."

व्होल्टेज सांगून बघितलं. 0.15 नं वाढवलं म्हटल्यावर ते इतके हसले की आतून बायको चहा घेऊन आली. "आमच्याकडं 440 चं कनेक्शन होतं. सव्वा व्होल्टावर काय धाडस करायलास? चिमणीपण मरत नाही."

मी तोंड बंद ठेवून प्लग काढला आणि बोर्डावरचा गोल सेल उचकटला. सीआर 2032, तीन व्होल्टाचा, गाडीच्या रिमोटात असतो तसला. तो काढून थोडा वेळ थांबलं की बायोस आपण केलेले सगळे उद्योग विसरतो. हे समजावत असताना सेल हातातून निसटून कपाटाखाली गेला. फूटपट्टीनं मी तो ओढत होतो, जमिनीवर पालथा, आणि वरून काका विचारत होते, "सेल काढला की विसरतंय? मग आमच्या हिचा सेल कुठं असंल रे?"

कॉम्प्युटर सुरू झाला. तारीख दाखवत होता 1 जानेवारी 2019.

काका एकदम पुढे सरकले. "एकोणीस? म्हणजे कोरोनाच्या आधीचं?"

"हो, तारीख गेली. आता नीट करतो."

"राहू दे की तसंच. एकोणीसला माझा गुडघा चांगला होता."

तारीख चुकलेली असली की निम्म्या वेबसाइट उघडायला नकार देतात, बँकेची तर नाहीच नाही, हे मी सांगितलं. "गुडघ्यापुढं बँक काय करायचीय," म्हणून काकांनी दुसरा चहा मागवला. (बायोस अपडेट करायचंही माझ्या मनात होतं, पण ते चालू असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो, आणि बेळगावात पावसाळ्यात लाईटच्या भरवशावर मी भातसुद्धा लावत नाही.)

पुन्हा एक्सएमपी. पुन्हा काळोख. पुन्हा सेल. तिसऱ्या वेळी माझा हात थरथरायला लागला तसे काका उठले, उघड्या डब्यात वाकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. तेव्हाच मला भीती वाटली.

"खाचा चार आहेत. तू दोनच पट्ट्या बसवलास, त्यापण एकाला एक चिकटून."

"दुकानदारानं बसवल्यात."

"चूक. चार जबड्यांचं चक असतंय. समोरासमोरचे जबडे आवळायचे. शेजारशेजारचे आवळलास तर जॉब फिरकंडी खाणार. एक सोडून एक घाल."

"काका, ह्याचा आणि चकचा काही संबंध नाही."

"घाल."

मी त्यांना चूक ठरवायचं म्हणून बोर्डाचं पुस्तक काढलं. पान उघडलं. दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाला, असं चित्रासकट छापलेलं होतं. तशा घातल्या की रॅम दोन वाटांनी चालते. शेजारी घातल्या तर दोघी एकाच वाटेवर धक्काबुक्की करतात, आणि वेग वाढवला की आडव्या पडू शकतात. दोन वर्षं हे पुस्तक माझ्याच ड्रॉवरमध्ये, लाईटबिलांखाली पडून होतं.

मला ह्याचाच संताप आहे. माणूस बरोबर निघाला तर निघू दे, पण तो कारण तरी बरोबर देणार की नाही? संपूर्ण चुकीच्या रस्त्यानं चालत येऊन हा माणूस माझ्याआधी मुक्कामावर बसलेला! वर पट्ट्या बसवण्याआधी त्यांनी माझ्या मुलीचा खोडरबर मागवून पट्टीचे सोनेरी दात घासून काढले, "गंज" म्हणाले, आणि खोडरबर खिशात घालून घेतला.

सुरू झाला. 3200.

काका पेपर न घेताच गेले. घाईत होते, गल्लीत सांगायचं होतं.

आता फायद्याचं बोलायचं तर, मुलीच्या गॅदरिंगचा जो व्हिडिओ तयार व्हायला चाळीस मिनिटं लागत होती तो छत्तीस मिनिटांत झाला. चार मिनिटं वाचली. चार मिनिटांत एक चहा होतो, आणि तो काकाच पितात. बाकी ईमेल होती तितक्याच वेळात उघडते, आणि ब्राऊझर होता तितकाच सुस्त आहे. त्या दुकानदाराला मी पुन्हा फोन केला नाही. काय म्हणणार आहे ते मला पाठ आहे.

दूधवाल्यानं सुटे पैसे देता देता हळूच विचारलं, "आमचं बिलाचं मशीन पण लई हळू चालायलंय. काकांचा नंबर मिळंल काय?"

दिला. दुपारी दोन ते चारच्या मधेच करा म्हणालो, फक्त तेव्हाच उचलतात. पहिल्यांदा नाही उचलला तर परत परत लावा.