लिथिया पार्कच्या ओढ्यात लिथिया नाही

अमेरिकेत ऑरेगन राज्याच्या दक्षिण टोकाला अ‍ॅशलंड हे वीस-एकवीस हजार वस्तीचं शहर आहे. भर बाजारपेठेतून सुरू होऊन ओढ्याच्या काठाकाठाने डोंगराकडे चढत जाणारा सुमारे 93 एकरांचा लिथिया पार्क ही त्या शहराची ओळख. या पार्कविषयी एक दावा सर्रास केला जातो: ओढ्याच्या पाण्यात नैसर्गिक लिथियम आहे, म्हणून हे नाव, काठावरचं रान मूळचंच, त्यातून उद्यानरचनाकार जॉन मॅक्लारेन यांनी 1916 साली एकहाती पार्क घडवला, आणि ओढा मोकळा ठेवल्यामुळे गावाला पुराची धास्ती राहिली नाही. यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

आधी पाण्याचं पाहू. अ‍ॅशलंड क्रीक हा माउंट अ‍ॅशलंडच्या उतारावरचा बर्फ आणि पाऊस घेऊन येणारा साधा गोड्या पाण्याचा ओढा. वर 1928 साली बांधलेलं रीडर जलाशयाचं धरण आहे आणि गाव पिढ्यानपिढ्या हेच पाणी पीत आलं आहे. लिथियाचं पाणी, म्हणजे लिथियमचे क्षार असलेलं खनिज पाणी, वेगळंच. त्याचे झरे शहराबाहेर, एमिग्रंट क्रीकच्या बाजूला. तिथून ते नळाने प्लाझापर्यंत, म्हणजे गावाच्या मुख्य चौकापर्यंत आणलं गेलं, त्यासाठी 1914 साली मतदारांनी 1,75,000 डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. चव खारट, उग्र, बुडबुड्यांची. त्यात बेरियमही आहे, त्यामुळे प्लाझावरच्या कारंज्याचं पाणी घोटभर चाखून पाहण्यापुरतंच ठीक; बाटल्या भरून नेऊन रोज पिऊ नये. अशा पाण्याची नळयोजना सांभाळणंही सोपं नसतं. जमिनीखालचा दाब सुटला की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग क्षार पाण्यात राहत नाहीत, नळाच्या आत थर धरतात आणि वाट अरुंद करत जातात. ओढ्यातच लिथियम असतं तर हा सगळा खटाटोप आणि कर्ज कशाला?

‘मूळचं रान’ हा दुसरा मुद्दा. आज जिथून पार्कात शिरतो, तिथे 1854 पासून एबल हेल्मन आणि त्यांच्या भागीदारांची पाणचक्कीवर चालणारी पिठाची गिरणी होती. गावाचं पहिलं नावच अ‍ॅशलंड मिल्स. ओढ्याला उतार होता, उतारात शक्ती होती, म्हणून वस्ती तिथे बसली. सावलीसाठी किंवा फिरण्यासाठी नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणी मोडकळीला आली आणि गावाच्या तोंडाशीच पडीक जागा उरली. आज दिसणारी तळी, हिरवळी आणि कितीतरी झाडं नंतर माणसांनी केलेली आणि लावलेली आहेत.

एकहाती निर्मितीच्या गोष्टीत सर्वात मोठा अन्याय आहे. पार्कचं मूळ 1892 सालात, शाटाक्वा या उन्हाळी व्याख्यान-संगीत मेळ्यासाठी राखलेल्या 8 एकरांत. पुढे 1908 साली गावातल्या स्त्रियांच्या नागरी सुधारणा मंडळाने गिरणीच्या पडीक जागेचा पार्क करा म्हणून मागणी लावून धरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि ओढ्याकाठची नगराच्या मालकीची जमीन कायमची पार्कसाठी राखली गेली, तिच्या देखभालीसाठी पार्क आयोगही नेमला गेला. ऑरेगनमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला 1912 साली. म्हणजे ज्यांनी हा विषय मतपेटीपर्यंत नेला, त्यांना त्या दिवशी मत टाकता आलं नाही. पार्कचा इतिहास सांगताना हे सुटता कामा नये.

मॅक्लारेन आले 1914 साली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कचे ते अधीक्षक, माणूस मोठा, आराखडाही मोलाचा. पण जमीन, आयोग आणि पैसा यांची सोय त्यांच्या आधी गावाने केली होती. 1916 च्या जुलैमधलं उद्घाटन हा त्या कामाचा एक टप्पा. संगमरवरी बटलर-पेरोझी कारंजंही त्यांचं नव्हे. ते 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनातून दोन स्थानिक नागरिकांनी गावासाठी विकत घेतलं, आणि घडवलं होतं फ्लॉरेन्सच्या अंतोनियो फ्रिल्ली यांनी.

गावात भरणाऱ्या शेक्सपिअर नाट्यमहोत्सवामुळे पार्क झाला असंही कुणी जोडतं. महोत्सव 1935 चा, तोही शाटाक्वाच्या जुन्या इमारतीच्या उरलेल्या भिंतींत सुरू झालेला.

आता पूर, कारण इथली चूक निव्वळ तपशिलाची नाही, धोक्याची आहे. माउंट अ‍ॅशलंड सुमारे 2,300 मीटर उंच, शहर 580 मीटरच्या आसपास, आणि दोन्हींत सरळ अंतर फक्त 13 किलोमीटर. वरचा ग्रॅनाइट झिजून मुरमासारखा भुसभुशीत होतो. साचलेल्या बर्फावर उबदार पाऊस पडला की बर्फ आणि पाऊस यांचं पाणी एकदम उतरतं आणि मुरूम, धोंडे, ओंडके सोबत आणतं. वरचं धरण पिण्याच्या पाण्यासाठी आहे, लहान आहे. असा लोंढा अडवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. जानेवारी 1974 मध्ये हेच झालं, 1 जानेवारी 1997 ला पुन्हा झालं. मोकळे काठ पाण्याला पसरायला जागा देतात हे खरं, पण पार्क संपतो तिथे ओढा रस्त्याखालच्या मोरीत शिरतो. ओंडके मोरीच्या तोंडाशी अडकले की मागचं पाणी रस्त्यावर चढतं, आणि 1997 साली ते प्लाझातल्या दुकानांत घुसलं. जलशुद्धीकरण केंद्रालाही फटका बसला आणि गावाचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. म्हणून पुराचा अंदाज पार्कातली हिरवळ पाहून बांधू नये. वर बर्फ किती साचला आहे, पाऊस किती उंचीपर्यंत पाऊसच म्हणून पडतो आहे आणि मोरीचं तोंड साफ आहे का, हे आधी तपासावं.