पास्त्याला दूध नसतं, अक्का!

काल सकाळी जिन्यात दूधवाल्याने मला थांबवलं. आजूबाजूला कोणी नाही ना, हे बघून घेतलं (वरच्या पायऱ्यांवर दोन शेजारी उभे होते, ते त्याला दिसले नाहीत), आवाज खाली आणला आणि म्हणाला, "सर, बिलाचं बघू ओ नंतर. जमेल तवा द्या. पण पोरीचं दूध तोडू नका."

मी जुळे सोलापुरात राहतो, गणिताच्या शिकवण्या घेतो, स्कूटरचे हप्ते केव्हाच फिटलेत आणि दुधाचं बिल पाच तारखेच्या आत देतो. माझ्या डोक्यावर कोणाचा एक रुपया नाही. आणि तरी मला भर जिन्यात उधारीची सवलत मिळाली, न मागता. पायऱ्यांवरच्या दोघांनी लगेच मोबाईलमध्ये डोकं घातलं. हे सगळं झालं एका पास्त्यापायी.

मुलीला दूध पचत नाही. डॉक्टरांनी तूर्तास दूध, चीज, पनीर, बटर सगळं बंद केलंय. बायको माहेरी, लातूरला. मुलगी म्हणाली, पास्ता कर. पार्श्वभूमी एवढीच.

आमच्या गावात पास्ता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चीज उभी राहते, आणि ती म्हणजे खरोखरच चीज. मैदा, बटर आणि दूध यांची एक पांढरी खळ, सुताला देतात तशी, आणि त्यात बुडालेल्या बिचाऱ्या नळ्या. वरून पुन्हा चीज किसायचं. सोलापूर मागवाल्यांचं गाव असल्याने आम्हाला खळ नवी नाही, पण ती खाण्याचे पैसे देणं नवीन आहे. इटलीत मात्र दुधाचा थेंबही नसलेले पास्ते ढिगाने आहेत. नेपल्सकडचा 'आलियो ए ओलियो' घ्या: लसूण, तेल, लाल मिरची, संपलं. आता लसूण, तेल आणि लाल मिरची या तीन वस्तूंवर सोलापूरच्या माणसाला नेपल्सकडून काही शिकायची गरज आहे असं मला वाटत नाही. आम्ही त्यात भाजलेले शेंगदाणे घालून कुटतो आणि साऱ्या महाराष्ट्राला विकतो.

तर मी सामान आणायला नवी पेठेत गेलो. दुकानदाराला म्हटलं, बिनदुधाचं चीज आहे का? त्याने क्षणभर विचार केला आणि पनीर काढून दिलं. म्हटलं, अहो, हे दुधाचंच. "नाही सर, हे पनीरचं आहे." मग पास्ता मसाल्याची पुडी दिली. तिच्या मागे मुंगीच्या अक्षरात मिल्क सॉलिड्स. ब्रेडचं पाकीट उलटवलं, त्यातही मिल्क सॉलिड्स. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्याला एवढंच सांगतो की आत मांस-मच्छी-अंडं नाही. दुधाबद्दल तो गप्प असतो. दुधाचं कळायला चष्मा लागतो, आणि मी दुकानात चष्मा लावून पाकिटं वाचायला लागलो की मागच्या गिऱ्हाइकाला वाटतं, अन्नभेसळवाले आले.

शेवटी पास्त्याचं साधं पाकीट घेतलं. घटक: ड्युरम गव्हाचा रवा. बस. ऑलिव्ह ऑइलची बाटली हातात घेतली, किंमत बघितली, आणि जिथून उचलली होती तिथे अगदी नीट ठेवली.

आता अक्का.

अक्का तळमजल्यावर राहतात. एप्रिलची संध्याकाळ, पारा चाळिशीच्या वर जाऊन आलेला, म्हणून आमचं दार सताड उघडं. अक्का कुणाचा तरी स्टीलचा डबा परत करायला निघाल्या होत्या. तो आमचा नव्हता. तरी त्या आत आल्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि डबा मांडीवर ठेवला.

"काय करलालाव ओ मास्तर?"

"पास्ता."

"बाई न्हाईत म्हणून?"

याला उत्तर नसतं. मी पाणी उकळायला ठेवलेलं. शंभर ग्रॅमला एक लिटर हा इटलीतला हिशेब, म्हणजे तीनशे ग्रॅमला तीन लिटर पाणी आणि तीस ग्रॅम मीठ. अक्कांनी पातेल्यात वाकून बघितलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनी धरण भरलं तरी येतं चार-पाच दिवसांनीच. पिंप, कळशा, बादल्या, जुने डबे यांची रांग लावून आम्ही जगतो. त्या गावात तीन लिटर पाण्यात पावशेर-दीडपाव नळ्या शिजवणारा माणूस अक्का आयुष्यात प्रथमच बघत होत्या.

"एवढ्यात माझी भांडी होतेत," त्या म्हणाल्या. मग पाकीट हातात घेऊन, "शेवयाच की ओ ह्या. जाडजूड."

मी म्हटलं, शेवयांच्याच जातीचं आहे, बन्सी गहू असतो ना, तसल्या गव्हाचा रवा. इथे मी थांबायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण मास्तर आहे, समोर कोणी बसलं की मी शिकवतो.

"मग खीर करा की! दूध-गूळ घालून."

"दूध चालत नाही, अक्का. दुधात एक साखर असते, ती तिला पचत नाही."

अक्का हसल्या. इतकी सोपी अडचण आणि एवढा शिकलेला माणूस. "मग साखर घालू नका की ओ. फिकं द्यावं!"

मी पंचवीस मिनिटांचा तास घेतला. लॅक्टोज ही दुधातली मूळची साखर, ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं, ते कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस होतो, पोट फुगतं, जुलाब. जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांत लॅक्टेज लहानपणानंतर कमीच होत जातं, हेही सांगितलं. अक्का मान डोलवत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "म्हशीचं देऊन बघितलाव का?"

मग तूप. तूप म्हणजे काय दूध न्हवं, हा त्यांचा मुद्दा. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच, त्यामुळे अक्का इथे बऱ्यापैकी बरोबर होत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही. त्यांना एक इंच दिला असता तर त्यांनी त्यातून लोणी, सायीचं दही आणि पेढा आत आणला असता.

इकडे लसणाच्या पातळ चकत्या केल्या, कढईत शेंगतेल घातलं आणि तेल कोमट असतानाच चकत्या सोडल्या. यात घाई चालत नाही. बारीक आचेवर लसणाच्या कडेला आधी बारीक बुडबुडे येतात, मग चकतीची कड पिवळसर होते, मग मध्य, आणि सोनेरी झाल्या झाल्या टोमॅटो पडला पाहिजे. तपकिरी झाला की लसूण कडू. मी त्या चकत्यांकडे डोळे लावून उभा, आणि कानाशी अक्का: "फोडणी न्हाई? मोहरी न्हाई? कढीपत्ता तरी? आणू का खालनं?"

मंडईतले दोन-चार टोमॅटो किसून पडले. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढला. अक्कांनी एक नळी नखाने तोडून आतला पांढरा ठिपका मला दाखवला. "कच्चंय." म्हटलं, कढईत रसासोबत शिजतं उरलेलं, म्हणून. त्यांना मुलीच्या पोटदुखीचं कारण एकदम सापडलं. "असलं कच्चं खाल्ल्यावर दुखणारच की पोट. दुधावर कशाला ढकललालाव?"

पाणी गाळताना त्या ओरडल्याच, "ओतू नका, ओतू नका!" मी ओतणार नव्हतोच. पास्त्याच्या त्या गढूळ पाण्यात पिष्ट उतरलेलं असतं, वाटीभर कढईत घातलं की तेल आणि टोमॅटो एकजीव होतात, दूध-क्रीम न घालता रस दाट होतो. बाकीचं बादलीत. म्हणून मी एक वाटी अगदी सांभाळून बाजूला काढून ठेवली. अक्कांनी ती वाटी बघितली. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

आणि त्यानंतर मी कडक भाकरी काढली.

चीजच्या जागी वर काहीतरी कुरकुरीत हवं. ब्रेडमध्ये दुधाची भानगड, म्हणून ज्वारीची कडक भाकरी चुरली आणि चमचाभर तेलात लसूण-मिठासोबत परतली. अप्रतिम लागते, मीच सांगतो. पण अक्कांच्या बाजूने हा पंचनामा कसा दिसला असेल बघा. बायको घरात नाही. दूध नाही. लोणी नाही, तूप नाही. फोडणीला मोहरीसुद्धा नाही. घरचा कर्ता पुरुष शिजवलेलं पाणी वाटीत जपून ठेवतोय. आणि आता पोरीला शिळ्या भाकरीचा चुरा.

अक्का उठल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हे त्यांच्याबाबतीत फार गंभीर. दुसऱ्याचा तो डबासुद्धा स्टुलावर विसरून गेल्या. थोड्या वेळाने दारात अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आली, शेजारी चार केळी.

कहर म्हणजे दक्षिण इटलीत पास्त्यावर पावाचा भाजलेला चुरा घालायची जुनी रीत आहे ती याचसाठी, की गरिबाला चीज परवडत नसे. म्हणजे अक्कांनी नेपल्सच्या खालच्या अंगाचा सगळा इतिहास, न वाचता, न ऐकता, स्टुलावर बसून अचूक ओळखला होता. फक्त पत्ता चुकला.

इथवर हसायला ठीक आहे. पण मला खरा राग पिशवीचा नाही. राग येतो तो "थोड्याने काय होतंय" या वाक्याचा. परवाच्या लग्नात आमच्याच एका नातेवाईक बाईंनी, मी पाण्याला उठलो तेवढ्यात, पोरीला बासुंदी भरवली. नको नको म्हणत होती ती. "लग्नाचं आहे, नाही म्हणू नये." रात्री पोर पोट धरून न्हाणीघराच्या दाराशी बसली होती, नळाचा दिवस दोन दिवस लांब होता, मी पिंपातलं पाणी मोजून घेत होतो, आणि थोड्याने काय होतंय म्हणणाऱ्या बाई आपल्या घरी गाढ झोपल्या होत्या. त्याच मांडवात मधुमेहवाल्या काकांना बिनसाखरेचा चहा वेगळा आला, मानाने, न मागता. साठीच्या माणसाची साखर म्हणजे आजार आणि बारा वर्षांच्या पोरीचं दूध म्हणजे लाड. तिने नाही म्हटलं तर ती आगाऊ, मी नाही म्हटलं तर मी शिष्ट. आणि घरात दुधाशिवाय काही रांधलं तर आम्ही भिकेला लागलो.

पास्ता चांगला झाला होता. मुलीने पहिला घास खाल्ला, विचार केला, उठून शेंगाची चटणी आणली आणि त्यावर पसरली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पोट दुखलं नाही.

काल रात्री लातूरहून बायकोचा फोन आला. आवाज जपून वापरत होती. अक्कांची बहीण लातूरला असते, हे मला माहीत नव्हतं. "तू मला काही सांगत नाहीयेस का?" म्हटलं, काय सांगू? "शिकवण्या नीट चालल्यात ना?" मी पास्त्याच्या पाण्यातल्या पिष्टापासून सुरुवात केली. तिने मधेच फोन आईकडे दिला. सासूबाई म्हणाल्या, "असू दे जावईबापू, येतात असे दिवस," आणि ठेवला. पाठोपाठ मोबाईल वाजला. दोन हजार रुपये जमा. खाली संदेश: पोरीच्या दुधासाठी.

परत पाठवले तर सासूबाईंचा अपमान, ठेवले तर माझा. मी खोलीत फेऱ्या मारतोय. मुलीने मात्र हिशेब केलाय. ती म्हणते, बाबा, एवढ्यात ऑलिव्ह ऑइलची मोठी बाटली येते.