पकडून दुसरीकडे सोडलं, पुढे काय?

कोकणातली माकडं पकडून जंगलात सोडा, ही मागणी पुन्हा पुन्हा होते. बागायतदाराचं नुकसान खरं आहे आणि त्याचा संतापही रास्त आहे. पण उपाय चुकतोय, हे इथल्या, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्राउंडहॉगकडे पाहिलं की पटतं.

खारीच्या कुळातला हा दोन ते सहा किलोंचा प्राणी. घेवडा, वाटाणा, गाजराचा पाला एका सकाळीत बुडख्यापर्यंत खाऊन टाकतो. तरीही त्याला धरून दुसऱ्याच्या जागेत सोडायला या राज्यात कायद्याने बंदी आहे. ती योग्यच आहे. मे महिन्यात मादी उचलली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. शरद ऋतूत उचलला तर त्याच्याकडे बीळ नसतं, आणि बिळाशिवाय हिवाळा निघत नाही: शीतनिद्रेत त्याचं शरीर ३७ अंशांवरून ५ अंशांच्या आसपास उतरतं, हृदय मिनिटाला जेमतेम चार-पाच ठोके देतं.

शिवाय रिकामं बीळ रिकामं राहत नाही. दुसरा ग्राउंडहॉग येतो, नाहीतर स्कंक (दुर्गंधी फवारणारा छोटा प्राणी) किंवा कोल्हा. बुजवायला जावं तर लोक मातीच्या ढिगाजवळचं मोठं तोंड तेवढं बुजवतात. गवतात दडलेलं दुसरं तोंड त्याने आतून उकरलेलं असतं, म्हणून तिथे माती दिसतच नाही.

चालतं ते कुंपण. मीटरभर उंच जाळी घ्यायची. वरची वीतभर सैल सोडून बाहेर वाकवायची. चढताना ती हलते आणि तो मागे फिरतो. खालची ३० सेंटिमीटर जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला मुडपायची. आत मुडपली तर सगळी मेहनत फुकट, कारण तो जाळीच्या कडेलाच खणायला लागतो. बाहेर, जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर झटका मशीनची, म्हणजे कुंपणाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची, एक तार.

माकडाला अशी जाळी अडवणार नाही, हे उघड आहे. रानडुकराला मात्र झटका मशीन चालतं. त्याऐवजी तिकडे काही शेतांत थेट लाइनची वीज तारेत सोडतात आणि त्यात माणसंही मरतात. झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन थांबतं. थेट लाइन थांबत नाही. इथे बाग बहुतेकांची हौस असते, तिकडे शेतावर घर चालतं. म्हणून मशीनचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारू नये, आणि अनुदान पेरणीआधी हातात पडावं.